हाइटमॅपमधल्या पायऱ्या पुन्हा पुन्हा का येतात? आधी पायरी मोजा

हाइटमॅप, म्हणजे छटा जितकी उजळ तितकी जमीन उंच असं करडं चित्र, वापरून गेमचा भूप्रदेश बनवणाऱ्यांची एक तक्रार काही केल्या संपत नाही. डोंगर छान उठतात, घाट झकास दिसतो, आणि सपाट जमिनीवर मात्र पायऱ्या पडतात. वाळपईच्या एका कॉलेजच्या मुलाने अलीकडेच विचारलं, "दादा, सोळा बिटचं पीएनजी केलं, ब्लर मारला, तरी भातशेतीत पायऱ्या आहेतच. आता काय करू?" आपल्याकडे गोव्याचा नकाशा घेऊन बसणारा जवळपास प्रत्येक जण इथे अडकतो. मी सगळ्यांना आधी एकच प्रश्न विचारतो: तुझी पायरी किती मीटरची आहे?

बहुतेकांनी ती मोजलेलीच नसते. ब्लर वापरून बघतात, गेम इंजिन (अनरिअल, युनिटी, गोदो) बदलून बघतात, डेटा पुन्हा उतरवून घेतात. पायऱ्या पडण्याची कारणं पाच-सहा आहेत आणि प्रत्येक कारणाची पायरी वेगळ्या उंचीची असते. उंची कळली की दोषी कोण हे जवळजवळ लगेच ठरतं.

मोजायचं असं. इंजिनमधला सूर्य क्षितिजापासून चार-पाच अंशांवर आणा. तिरप्या उजेडात बारीकशी पायरीही सावली टाकते, भर दुपारच्या उजेडात ती दिसत नाही. मग लागोपाठच्या दोन पायऱ्यांवर एकेक घन ठेवा आणि त्यांच्या उंचीतला फरक वाचा. असं तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी करा. फरक सगळीकडे सारखाच आला तर पायरी खोटी आहे, आकड्यांच्या गोलाईतून आलेली आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा आला तर थांबा, ती खरी जमीन असू शकते. त्याबद्दल पुढे लिहितो.

एकूण उंचीला २५५ ने भागून जे येतं, तेवढी पायरी

ही सर्वांत जास्त भेटणारी तऱ्हा. ८ बिटच्या चित्रात करड्या रंगाच्या २५६ छटा असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. आता गोव्याचा आकार बघा. पूर्वेला हजार मीटरच्या वर गेलेला सह्याद्री आणि तिथून पन्नास-साठ किलोमीटरच्या आत समुद्रपातळीवरची शेतं. दोन्ही एकाच चित्रात बसवायची म्हणून आपण उणे २० ते ११८० मीटर, म्हणजे १२०० मीटरचा पल्ला धरला असं समजू. ८ बिटमध्ये एक छटा ४.७ मीटरची होते, १६ बिटमध्ये १.८ सेंटिमीटरची.

घाटात ४.७ मीटरची पायरी दिसत नाही. ३५ अंशांच्या उतारावर ती सात मीटरही न जाता संपते, आणि ३० मीटरच्या डेटात एक पिक्सेलच ३० मीटरचा असतो. दर दोनशे मीटरला एक मीटर चढणाऱ्या जमिनीवर मात्र तीच पायरी जवळजवळ एक किलोमीटर पसरते. म्हणून घाटाजवळचा मोल्याकडचा भाग बघून "माझा हाइटमॅप ठीक आहे" असं ठरवू नका. बिघाड नेहमी चोडण, दिवाडी, कुंभारजुवे या सखल बेटांच्या पट्ट्यात शोधा.

चोडणच्या खाजन शेतीत (भरतीच्या पातळीखालची, बांध घालून राखलेली शेती) नेमकं काय होतं ते आकड्यांनी दाखवतो. वरच्या पल्ल्यात छटा क्रमांक ४ म्हणजे समुद्रपातळीच्या खाली १.२ मीटर आणि छटा क्रमांक ५ म्हणजे वर ३.५ मीटर. दोन्हींच्या मध्ये काहीच नाही. शेताचा एक तुकडा १.१ मीटरवर असेल तर तो गोल होऊन ४ मध्ये पडतो आणि पाण्याखाली जातो. शेजारचा तुकडा १.३ मीटरवर असेल तर तो ५ मध्ये जातो आणि साडेतीन मीटरवर चढतो. खऱ्या शेतात दोन्हींमध्ये वीतभर फरक आहे, गेममध्ये तिथे पावणेपाच मीटरची भिंत उभी राहते. भरतीचं पाणी कुठपर्यंत येईल यावरच ज्या जमिनीचं सगळं जगणं बेतलेलं आहे, तिचं इतकं वाटोळं दुसऱ्या कुठल्याच चुकीने होत नाही.

"पण मी १६ बिटच निवडलं होतं!" हे मी बरेचदा ऐकतो, आणि ते खरंही असतं. आकडे त्याच्या आधीच्या कुठल्यातरी टप्प्यावर ८ बिट झालेले असतात. ८ बिटचं चित्र १६ बिटमध्ये सेव्ह केलं म्हणून हरवलेल्या छटा परत येत नाहीत, २५६ छटा फक्त मोठ्या डब्यात जातात. गळती बहुधा पुढच्या जागी सापडते.

क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये थर सेव्ह करताना वर दोन पर्याय असतात, 'रॉ डेटा' आणि 'रेंडर्ड इमेज'. दुसरा निवडला की पडद्यावर दिसतंय तसं रंगीत ८ बिट चित्र मिळतं, आणि पडद्यासाठी लावलेला कॉन्ट्रास्टही त्यात भाजून जातो. लेआउटमधून काढलेल्या चित्राचंही तसंच. रॉ डेटाच घ्यायचा.

फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवली तर तिची जेपीइजी होते. मग ८ बिट तर झालीच, वर ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोनही उमटतात. तुमच्या सपाट जमिनीवर चौकटीचं जाळं दिसत असेल तर पुढचं काही तपासू नका, मूळ फाइल मागवा. पाठवायचीच तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा.

जिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इमेज' मेनूतला 'प्रिसिजन' बघा. २.८ पर्यंतचं जिंप ८ बिटचंच होतं, २.१० पासून १६ आणि ३२ बिट आले. तरीही फाइल उघडल्यावर तिथे काय लिहिलंय ते वाचायची सवय लावून घ्या. फोटोशॉपचं १६ बिट आतून ० ते ३२,७६८ असं चालतं, त्यामुळे निम्म्या पातळ्या जातात. पण आपल्या पल्ल्यात त्याने पायरी साडेतीन सेंटिमीटरची होते, त्याची चिंता नको.

छटा खरोखर किती उरल्या आहेत हे पाहायला हिस्टोग्राम, म्हणजे कुठली छटा किती पिक्सेलांत आहे याचा आलेख, उघडा. आलेख सलग भरलेला दिसला तर ठीक. दात पडल्यासारख्या सुट्या रेघा आणि मध्ये मोकळ्या जागा दिसल्या तर आकडे आधीच गेलेले आहेत.

पायरी बरोबर १ मीटरची

वाळपईच्या मुलाची अडचण हीच निघाली, आणि ती समजून घेण्यासारखी आहे, कारण इथे १६ बिट सगळीकडे नीट असूनही पायऱ्या येतात.

आपण बहुतेक जण एसआरटीएमचा डेटा वापरतो. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला, त्यातून तो आला. ३० मीटरला एक बिंदू, आणि प्रत्येक बिंदूची उंची पूर्ण मीटरमध्ये. पूर्ण मीटर म्हणजे १ नंतर २, मध्ये काही नाही. डबा १६ बिटचा असला तरी आत मीटरचे ठोकळेच आहेत. डोंगरात हे कळतही नाही. खाजनात, समुद्रकिनाऱ्यावर, नदीकाठच्या पुळणीत मात्र एकेक मीटरच्या कडा ठसठशीत दिसतात.

उपाय म्हणजे डेटाचे बिंदू वाढवताना मधले आकडे भरणं. क्यूजीआयएसच्या 'वॉर्प' या साधनात रीसॅम्पलिंगला (मधले आकडे काढायच्या पद्धतीला) 'निअरेस्ट नेबर' न ठेवता 'क्युबिक स्प्लाइन' घ्या. साधं 'क्युबिक' कड्याजवळ थोडं जास्त उसळतं आणि थोडं जास्त बुडतं, स्प्लाइन तसं करत नाही. इथपर्यंत बरेच जण येतात आणि तरी पायऱ्या तशाच राहतात. कारण त्याच खिडकीत खाली 'आउटपुट डेटा टाइप' असतो आणि तो मूळ थराचाच, म्हणजे फक्त पूर्ण आकडे ठेवणारा 'इंट १६' राहिलेला असतो. स्प्लाइनने १.३७ मीटर हे उत्तर बरोबर काढलं आणि लिहिताना त्याचं पुन्हा १ झालं. तिथे दशांश ठेवणारं 'फ्लोट ३२' निवडायचं. सगळी कामं, म्हणजे जोडणी, वॉर्प, समुद्र खाली दाबणं, फ्लोट ३२ मध्येच करा आणि १६ बिटमध्ये आणणं अगदी शेवटी, एकदाच.

याच खिडकीत मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण, यूटीएम ४३ उत्तर (कोड ईपीएसजी ३२६४३), देऊन टाका. अंशांतला डेटा तसाच इंजिनमध्ये टाकला तर आपल्या अक्षांशावर गोवा पूर्व-पश्चिम सुमारे तीन टक्के ताणला जातो.

दुसरी वाट म्हणजे डेटाच बदलणं. कोपर्निकस या युरोपीय उपक्रमाचा जीएलओ-३० हा संच मुळातच दशांशात आहे, त्यात एक मीटरचे ठोकळे नाहीत. नवीन काम सुरू करणाऱ्याने तोच घ्यावा असं माझं मत आहे. त्याची एक खोट आहे, ती शेवटी सांगतो.

पायरी ठिकठिकाणी वेगळी: हात लावू नका

गोव्यात खरे सपाट माथे आणि खऱ्या कडा आहेत. जांभ्या दगडाचे सडे हीच आपल्या मधल्या पट्ट्याची ओळख. मोपाचा सडा घ्या, वर ऐसपैस सपाटी आणि काठाला एकदम उतार. बाहेरून आलेला डेटा पाहताना नवख्याला ही बिघडलेली पायरी वाटते आणि तो त्यावरून ब्लर फिरवतो. सड्याचा काठ गेला की तिथे कुठलीही, कुठल्याही देशातली टेकडी उरते.

ओळख सोपी आहे. खोटी पायरी समोच्च रेषेबरोबर चालते, म्हणजे सगळ्या नकाशावर ती त्याच उंचीवर सापडते आणि पुढची पायरी नेमकी तेवढ्याच उंचीने वर. सड्याचा काठ असा हिशेब पाळत नाही, तो एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला उतरलेला असतो.

म्हणूनच ब्लर हा पहिला उपाय म्हणून मला अजिबात मान्य नाही. ८ बिटच्या चित्रावर ८ बिटमध्येच ब्लर मारला तर उत्तर पुन्हा त्याच २५६ छटांत गोल होतं, पायरी जागच्या जागी राहते, फक्त तिची कड थोडी सरकते. आणि सड्याचे काठ व घाटाचे कडे मात्र खरोखर झिजतात.

शेतातून सुळके, किंवा सगळाच नकाशा सपाट

हे पायऱ्यांचं प्रकरण नाही, पण पायऱ्या दुरुस्त करताना हमखास समोर येतं. खाजन जमीन भरतीच्या पातळीच्या खाली असते, त्यामुळे डेटात तिथे उणे एक, उणे दोन असे आकडे सापडतात. हे आकडे चिन्हासह लिहिलेले असतात. इंजिन चिन्हाविना वाचतं. उणे १ चं ६५,५३५ होतं, आणि भाताच्या शेतातून सह्याद्रीपेक्षा उंच सुई उभी राहते. ० च्या खालचं छाटून टाकणं हा त्यावरचा सोपा तोडगा, पण तो घेऊ नका, कारण मग खाजन आणि नदी एकाच पातळीवर येतात. पल्ल्याची सुरुवातच उणे २० पासून करा. क्यूजीआयएसच्या 'ट्रान्सलेट'मध्ये उणे २० ते ११८० हा पल्ला ० ते ६५,५३५ वर बसवा आणि प्रकार 'यूइंट १६' (चिन्हाविना १६ बिट) ठेवा. समुद्रपातळी मग १०९२ या छटेवर येते. डिचोली-सांगे भाग घेत असाल तर आधी थराचा किमान आकडा पाहा. तिथल्या लोहखनिजाच्या काही खाणींचे तळ समुद्रपातळीच्या खाली गेलेले आहेत, उणे २० पुरणार नाही.

उलट प्रकारही होतो. सगळा नकाशा जवळजवळ पांढरा, सपाट, आणि घाटाच्या कुशीत दोन-चार खोल विहिरी. रडारला जिथलं दिसलं नाही तिथे एसआरटीएमच्या जुन्या आवृत्तीत उणे ३२,७६८ लिहिलेलं असतं. पल्ला आपोआप ठरू दिला की तोच किमान धरला जातो आणि अख्ख्या गोव्याच्या वाट्याला दोनेक हजार छटा उरतात. पोकळ्या भरलेली आवृत्ती घ्या आणि पल्ला कधीही आपोआप ठरू देऊ नका.

युनिटीत रॉ फाइल घेतल्यावर सगळीकडेच दाट काटे उगवले तर बाइट ऑर्डर, म्हणजे प्रत्येक आकड्याच्या दोन बाइटांचा क्रम, उलटी आहे. विंडोजच्या जागी मॅक किंवा मॅकच्या जागी विंडोज निवडा, संपलं.

फोंड्याजवळ उभी भिंत

एसआरटीएमचे तुकडे एकेका अंशाचे असतात, आणि ७४ अंश पूर्व रेखावृत्त फोंड्याच्या जवळून जातं. म्हणजे पणजी एका तुकड्यात आणि सत्तरीचा घाट दुसऱ्यात. पोळ्याकडचा काणकोणचा कोपरा १५ अंशांच्या खाली उतरतो, तो तिसऱ्यात. प्रत्येक तुकडा वेगळा करडा केला तर प्रत्येकाचं पांढरं वेगळ्या उंचीचं होतं. पश्चिमेच्या तुकड्यात बराचसा समुद्र, पूर्वेच्या तुकड्यात सह्याद्री, त्यामुळे जोडावर उत्तर-दक्षिण सरळ कडा तयार होतो. आधी 'मर्ज', मग कापणी, मग एकच पल्ला, हाच क्रम. तीसेक मीटरच्या डेटात उत्तर-दक्षिण १०५ किलोमीटरचा गोवा साधारण ३,५०० पिक्सेलमध्ये मावतो, म्हणजे अनरिअलच्या ४०३३ किंवा युनिटीच्या ४०९७ च्या एकाच चित्रात. तुकडे करायची गरजच नाही.

डोंगर फुगलेले, समुद्र वर आलेला

पायऱ्या नाहीत, पण आकार चुकीचा वाटतो: लहान टेकड्या जाड, मोठी शिखरं बसकी. इथे गॅमा घुसलेला असतो. चित्र फोटोसारखं समजून कुठल्यातरी सॉफ्टवेअरने छटांना वळण दिलं. आपल्या पल्ल्यात याची खूण पक्की आहे, समुद्रपातळी थेट १४० मीटरच्या वर चढते आणि ५८० मीटरचं ठिकाण ८६० वर जातं. ब्लेंडरमध्ये चित्राचं कलर स्पेस 'नॉन-कलर' करा, अनरिअलमध्ये टेक्श्चर म्हणून वापरत असाल तर 'एसआरजीबी'ची खूण काढा, जिंपमध्ये एक्स्पोर्ट करताना रंगांचं कुठलंही रूपांतर होऊ देऊ नका. सगळ्यांत चांगलं म्हणजे क्यूजीआयएसमधून थेट इंजिनमध्ये जाणं.

इंजिनमधले आकडे

अनरिअलमध्ये झेड स्केल १०० असताना लँडस्केपचा पूर्ण पल्ला ५१२ मीटर असतो. १२०० मीटरसाठी १२०० गुणिले १०० भागिले ५१२, म्हणजे २३४.३७५. मधली छटा ३२,७६८ ही शून्य धरली जाते, म्हणून समुद्रपातळी शून्यावर आणायला लँडस्केप झेडमध्ये ५८,००० सेंटिमीटर वर न्या. एका पिक्सेलला ३० मीटर हवे असतील तर एक्स आणि वाय स्केल ३०००. युनिटीत टेरेनची उंची आपोआप ६०० असते, ती १२०० करा आणि वाय उणे २०. गोदोसाठी ईएक्सआर फाइल वापरा, त्यात दशांश जसेच्या तसे जातात.

हातात फक्त ८ बिटचंच चित्र असेल तर

कोणी रंगवून दिलेला काल्पनिक नकाशा असतो, मूळ डेटा असण्याचा प्रश्नच नाही. तेव्हा ब्लर लागतो, पण सगळीकडे नाही. चित्र आधी ३२ बिटमध्ये न्या. त्याच्या प्रतीवर पायरीच्या रुंदीएवढा ब्लर द्या. मग उताराचा मुखवटा काढा: सपाटीवर ब्लर झालेली प्रत, चढावर मूळ चित्र. वरून अर्ध्या पायरीपेक्षा कमी उंचीचा बारीक नॉइज टाका आणि गिया किंवा वर्ल्ड मशीन या भूप्रदेश घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून हलकी झीज फिरवा, म्हणजे पाण्याच्या वाटा उरलेल्या कडा मोडतात. हे नाटकच आहे, पण काल्पनिक जमिनीला ते पुरतं. खऱ्या गोव्याला पुरत नाही, तिथे मूळ डेटाकडेच परत जायला हवं.

पायऱ्या गेल्या, तरी जे येणार नाही

कोपर्निकसची खोट सांगायची राहिली. तो उपग्रहाने वरून पाहिलेला पृष्ठभाग आहे, झाडं आणि घरं धरून. चोडणच्या पक्षी अभयारण्यातली खारफुटी तिथे उंचवटा म्हणून येते, माडांच्या बागा आणि पणजीची वस्तीही. एसआरटीएमचं रडारही झाडांच्या शेंड्यात बरंचसं अडकतं. झाडं-घरं वजा केलेला फॅबडेम नावाचा संच आहे, पण त्याचा परवाना व्यावसायिक वापराला चालत नाही. गेम विकणार असाल तर त्याला हात न लावता खारफुटीचा मुखवटा रंगवून तेवढा भाग आपणच खाली बसवा.

डेटाचं सालही पाहा. एसआरटीएम २००० चा, कोपर्निकसची मोजणी २०११ ते २०१५ ची. खाणपट्ट्यात या दोन्हींत डोंगर आणि खड्डे वेगवेगळे आहेत. मोपाचा विमानतळ दोन्हींत नाही.

आणि खाजनाचा बांध. तो काही मीटर रुंद, डेटाचा पिक्सेल ३० मीटरचा, तेव्हा तो कुठल्याच मोफत डेटात दिसणार नाही. अनरिअलमध्ये लँडस्केप स्प्लाइन घेऊन तो हाताने ओढावा लागतो: उपग्रहचित्र खाली ठेवायचं, नदीच्या वळणाबरोबर रेषा न्यायची, माथा भरतीच्या वर ठेवायचा. जिथे मानस (बांधातलं पाणी अडवणारं-सोडणारं दार) आहे तिथे स्प्लाइन तोडा आणि दाराचं वेगळं मॉडेल बसवा. पाण्याची पातळी वरखाली करून बघा. बांध नीट बसला असेल तर भरतीला नदी चढते आणि शेत कोरडं राहतं. कुठून पाणी आत शिरलं तर तिथल्या जमिनीची उंची पुन्हा वाचा, बहुतेक वेळा बांधाच्या खाली एखादा पिक्सेल ठरलेल्या पातळीपेक्षा खोल राहिलेला असतो.